बाटली कोणी ठेवली

सोनाली बोरसेच्या ऑफिसात, कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात एक जाड निळी फाइल असायची. नवं गिऱ्हाईक आलं की पाणी विचारायच्या आधी ती फाइल खाली यायची. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर, एका रंगाच्या दुकानावरची ती एकच खोली. साडीच्या डब्यांवरची लेबलं, लग्नपत्रिका, दवाखान्यांची पोस्टरं असली कामं सोनाली एकटी करायची. आसपासच्या डिझाइनवाल्यांची रीत सोपी होती. फोटो इंटरनेटवरून उचलायचा, थोडा कातरायचा आणि छापून मोकळं व्हायचं. सोनाली तसं करत नसे. फोटो विकणाऱ्या एका परदेशी वेबसाइटवरून ती प्रत्येक फोटो रीतसर विकत घ्यायची आणि त्याची पावती आणि लायसन्स छापून फाइलला लावायची.

याला कारण होतं. पहिल्या नोकरीत तिनेही एक फोटो असाच उचलला होता. दिल्लीहून वकिलाची नोटीस आली, तेव्हा शेठने तिला बारा माणसांसमोर उभं करून ती इंग्रजी नोटीस मोठ्याने वाचायला लावली. तिला शब्द नीट उच्चारता येईनात आणि मागून कोणी तरी खुसखुसलं. डिंडोलीतल्या मिल-कामगाराची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. ते हसू तिच्या कानात बसलं ते बसलंच. त्या दिवसापासून तिने ठरवलं, यापुढे आपल्याला कोणी चोर म्हणायचं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिला एक चांगलं काम मिळालं. दारू सोडवणारं एक खासगी केंद्र होतं. तिथल्या गुजराती डॉक्टरांना रिक्षांच्या पाठीवर लावायचे स्टिकर हवे होते, पांडेसरा-बमरोलीच्या कामगार वस्तीतल्या दीडशे रिक्षांसाठी.

"सोनालीबेन," डॉक्टर म्हणाले होते, "गुजरातेत दारूबंदी आहे, पण दारू काही बंद नाही. माणसाने रिक्षामागे उभं राहिल्या राहिल्या स्वतःला बघितलं पाहिजे. फोटो असा द्या."

सोनालीने वेबसाइटवर शोधलं आणि एका फोटोवर थांबली. साठीकडे झुकलेला एक कामगार एका पायरीवर बसलेला. डोकं एका हातावर टेकलेलं, डोळे लालभडक, गालफडं आत गेलेली. खाली नाव होतं, 'थकलेला भारतीय कामगार'. बाजूला हिरवी खूण आणि पुढे लिहिलेलं, फोटोतल्या माणसाची संमती घेतलेली आहे. तिने फोटो विकत घेतला, डोळ्यांची लाली आणखी गडद केली आणि पायरीवर, त्याच्या गुडघ्याशी, एक बाटली ठेवली. बाटली दुसऱ्या फोटोतली होती, तीही विकत घेतलेली. वर मराठीत आणि गुजरातीत ओळ घातली, 'घर वाट बघतंय. दारू सोडा.' डॉक्टर एकदम खूश झाले.

श्रावण तोंडावर आला असताना एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला.

"बेन, ताबडतोब या. तुमच्या पोस्टरमधला माणूस माझ्यासमोर बसलाय."

सोनालीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. उलट आजवर फाइल सांभाळली ती याच दिवसासाठी, असं तिला वाटलं. ती निळी फाइल काखोटीला मारून केंद्रावर पोचली.

डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तो बसला होता. फोटोतलाच, पण तेल लावून भांग पाडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको. नाव विचारलं तेव्हा तो उभा राहिला. नाव उखा, राहणार बमरोली, बत्तीस वर्षं डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनवर.

"साहेब, तो मीच शे," तो अहिराणीत म्हणाला. "पन मी दारू पेत नही. कधीच नही. डोया लाल शेतस त्या रंगनी वाफमुये."

डॉक्टरांना अर्धं कळलं, अर्धं नाही. सोनालीला सगळं कळलं. तिच्या घरात हीच भाषा. नुकतेच मिलमधून निवृत्त झालेले तिचे वडील अगदी याच सुरात बोलत. उखाने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा जरा उजळला.

"तू आम्हनाकडलीच शे ना, माय? कोठली तू?"

डॉक्टर बघत होते. सोनालीने हिंदीत उत्तर दिलं. "काका, आप बैठिए. मैं समझाती हूँ।"

उखाचा चेहरा पुन्हा मिटला. तो बसला.

सोनालीने फाइल उघडून कागद एकेक करून टेबलावर मांडले. ही पावती. हा लायसन्सचा नंबर. ही खरेदीची तारीख. आणि ही ओळ, इथे बघा, माणसाची संमती घेतलेली आहे. तुम्ही सही केली होती की नाही?

उखाने मान हलवली. केली होती. तीन वर्षांपूर्वी शिफ्ट सुटल्यावर मिलच्या दारात एक कॅमेरावाला आला होता. त्याने चहा पाजला, फोटो काढला आणि एका इंग्रजी कागदावर सही घेतली. कामगारांवर काही तरी छापणार आहोत, एवढंच म्हणाला होता.

"मग झालं तर," सोनाली म्हणाली. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकून खुर्चीला पाठ टेकली.

उखाने लायसन्सचा कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, उलटा करून पाठही पाहिली. "या कागदवर मन्हं नाव शे का?"

नव्हतं. फोटोचा नंबर होता, काढणाऱ्याचं नाव होतं, सोनालीचं नाव होतं.

"नाव की ज़रूरत नहीं होती, काका।"

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली त्याची बायको, सुंदरा, बोलली. आवाज अजिबात न चढवता तिने विचारलं, "फोटो तू इकत लिधा, बाई. मंग बाटली कोठेन लई वनी? यास्ना हातमा त्या दिन चहाना कप व्हता."

सोनाली म्हणाली, "वो डिज़ाइन है।"

उखाने कागद होता तसा, होता तिथे ठेवला, दोघांना हात जोडले आणि बायकोला घेऊन निघून गेला. डॉक्टर म्हणाले, "शाबास बेन. तरी माझ्या वकिलाला दाखवायला पूर्ण लायसन्स पाठवून द्या, सगळ्या अटींसकट."

सगळ्या अटी सोनालीकडे नव्हत्या. फाइलला लावायची ती फक्त पहिली दोन पानं. बाकीच्या अटी वेबसाइटवर होत्या, आणि 'मान्य आहे' या चौकटीवर ती प्रत्येक वेळी न वाचता बोट टेकवत आली होती. ऑफिसात परत येऊन तिने त्या उतरवून घेतल्या. एकोणीस पानं निघाली. बारीक इंग्रजी, फोनवर भाषांतर करत ती वाचू लागली. सातव्या पानावर होतं ते. फोटोतली व्यक्ती व्यसनी, गुन्हेगार किंवा रोगी आहे असा कोणाचा समज होईल, अशा प्रकारे फोटो वापरता येणार नाही. वापरायचाच असेल तर हे छायाचित्र केवळ प्रातिनिधिक आहे, अशी ओळ ठळक छापली पाहिजे. आणि फोटोत असा बदल करता येणार नाही, की ज्यामुळे त्या व्यक्तीची बदनामी होईल.

तिने ते तीनदा वाचलं. कान तापले. दाराकडे बघितलं, जणू कोणी तरी तिथे उभं राहून वाचत होतं. दार बंद होतं.

मग तिने जे केलं ते पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःशीसुद्धा नीट सांगता आलं नाही. तिने डॉक्टरांना नेहमीचीच दोन पानं पाठवली आणि खाली लिहिलं, 'हे पूर्ण लायसन्स.' डॉक्टरांकडून लगेच अंगठ्याची खूण आली.

संध्याकाळी ती डिंडोलीला घरी गेली. आई, रंजना, कानबाईसाठी गहू निवडत बसली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातली माणसं कानबाई बसवतात. सुरतेत आली तरी त्यांनी देवी मागे ठेवली नाही. भाऊबंदांपैकी एकाच्या घरी नारळाची देवी चौरंगावर बसवायची, नथ घालायची, गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीला न्यायची.

"उखाना घर औंदा कानबाई बसनार नही, आयकं का?" आई म्हणाली. बमरोलीत तिची बहीण राहायची, बातमी तिथूनच आली होती. "एकोणीस वरीसपाइन त्यास्नाच घर बसे. आते भाऊबंद म्हनतस, लक्ष्मणना घर बसाडू. दारुड्याना घर देवी कशी बसाडवी?"

सोनालीचे वडील, रामदास, पाय पसरून टीव्ही बघत होते. ते ताडकन उठून बसले. "उखा? दारुड्या? अरे, तो ते सुपारी बी खात नही! नऊ वरीस एका मशीनवर काम करं आम्ही."

"रिक्षावर फोटो शे म्हने त्यान्हा. बाटलीसंगे."

"कोणी लावा?" वडिलांचा आवाज चढला. मग ते लेकीकडे वळले, आणि त्यांचा सूर एकदम मऊ झाला. पोरीच्या हुशारीचं त्यांना फार कौतुक. "सोना, तू असली पोस्टरं करस ना, माय? जरा इचारी दख ना, कोणी करं हाई काम. तुले कोणी बी सांगी."

सोनाली तव्यापाशी उभी होती. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. "विचारते, नाना," ती म्हणाली.

दोन दिवस वडील रोज विचारत राहिले. रोज तिने सांगितलं, अजून पत्ता लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "राहू दे. तुले तरास नको. मी मन्हा मन्हा शोधस." आणि चपला घालून खरंच बाहेर पडले. साठ वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, आणि तो उन्हात रिक्षास्टँडवर जाऊन एकेका रिक्षावाल्याला विचारत फिरतोय, हे पोस्टर कोणाचं. सोनालीने खिडकीतून त्यांची पाठ पाहिली आणि तिला तिथे उभं राहवेना.

ती सरळ डॉक्टरांकडे गेली. एकोणीस पानं छापून, सातव्या पानावर खूण करून. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"तुम्ही तर म्हणाला होतात, हे पूर्ण लायसन्स."

"खोटं बोलले. हे तेव्हाच वाचलं होतं मी."

डॉक्टर बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "त्या बाईंनी बाटलीचं विचारलं ना, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली होती," ते शेवटी म्हणाले. "पण तुमच्या हातात कागद होता. कागद बघून मी गप्प बसलो." मग उभे राहिले. "सगळे स्टिकर काढा. आठ दिवसांत. आणि बेन, पुढचं काम मी दुसरीकडे बघीन."

स्टिकर काढायला माणसं लावता आली असती. तिने लावली नाहीत. रोज दुपारी घासलेटची बाटली, चिंध्या आणि पत्र्याची पट्टी घेऊन ती स्टँडवर जायची आणि एकेका रिक्षामागे उकिडवी बसायची. रिक्षावाले गंमत बघत. "मॅडम, आप ही लगाते हो, आप ही निकालते हो?" काही स्टिकर सहज निघत. उन्हात पक्के झालेले काही मात्र पट्टी घातली की चिरफाळत. कपाळ निघायचं, हनुवटी राहायची. उखाच्या चेहऱ्यावर अशी पट्टी चालवताना तिला दर वेळी मान दुसरीकडे फिरवावी लागायची. आठ दिवसांत एकशे एकतीस निघाले. उरलेल्या रिक्षा कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी ती बमरोलीला उखाच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. पुढच्या खोलीत भिंतीशी एक रिकामा चौरंग धुऊन उभा करून ठेवलेला. उखा आतून आला आणि तिला बघून दारातच थांबला.

"आबा," सोनाली म्हणाली. केंद्रावर गिळून टाकलेली भाषा आता तिच्या तोंडात अडखळत आली. "आबा, मन्ही चूक व्हयनी. त्या कागदवरच लिखेल व्हतं, असं करानं नही म्हनीसन. मी वाचंच नव्हतं. आनि वाचं, तवय बी लपाडी ठेवं."

उखाने तिला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. "आते बोलनी आपली बोली," तो म्हणाला. "त्या दिन बोलती ते माले इतलं लागतं नही."

सोनालीला मान वर करता येईना. आतून सुंदरा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो उंबऱ्यावर ठेवून दाराला टेकून उभी राहिली.

"माफी माले देवाले काय जास?" उखा म्हणाला. "पन मी एकलाच आयकसू, तिन्हा काय उपेग? रविवारे लक्ष्मणना घर ये. तठे सांग, बठ्ठा भाऊबंदसमोर." थोडं थांबून त्याने आणखी एक मागितलं. "आनि तुन्हाजोडे कागद व्हता. माले बी एक कागद लिखी दे. मराठीमा. मन्हं नाव टाकीसन."

तिने तिथेच, ओट्यावर बसून लिहिला. या फोटोतले गृहस्थ श्री. उखा यांनी आयुष्यात कधी दारू घेतलेली नाही. फोटोतली बाटली मी, सोनाली रामदास बोरसे हिने, नंतर घातली. खाली सही. उखाने तो वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. एक भला माणूस आपण भले आहोत याचा दाखला खिशात बाळगणार, आणि तो दाखला देणारी आपण. सोनालीला वाटलं, त्या नोटिशीच्या दिवशी बारा माणसांसमोर झाली ती शरम याच्यापुढे काहीच नव्हती. तेव्हा आपण फक्त फोटो चोरला होता.

घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं. सगळं, रिक्षास्टँडवर ते विचारत फिरले त्या दिवसासकट. तीन दिवस वडील तिच्याशी बोलले नाहीत. रविवारी संध्याकाळी मात्र त्यांनी धुतलेला शर्ट घातला, टोपी घातली आणि दारात जाऊन उभे राहिले. "चाल," एवढंच म्हणाले.

लक्ष्मणचं घर माणसांनी भरलं होतं. चौरंगावर कानबाई बसली होती, नाकात नथ, गळ्यात फुलांचे हार. बायका गाणी म्हणत होत्या. एक गाणं संपलं तेव्हा सोनालीचे वडील पुढे झाले आणि म्हणाले, "मन्ही पोरले काही सांगनं शे."

सोनाली उभी राहिली. तिने सांगितलं. शब्द सापडत नव्हते तिथेही ती मराठीकडे किंवा हिंदीकडे पळाली नाही, थांबत थांबत अहिराणीतच बोलली. फोटो कसा घेतला, बाटली कुठून आणली, कायद्याचा कागद दाखवून उखाआबांना कसं गप्प केलं. बायका तिच्याकडे टक लावून बघत होत्या. तिची मावशी पदराने तोंड झाकून बसली होती. वडील भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते. सोनालीला त्यांचे कान लाल झालेले दिसले.

तिचं बोलणं संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "अशी कशी वं तू, माय?" आणि एवढंच. लक्ष्मण चुळबुळला, उठून उखाजवळ गेला आणि त्याचा हात धरून त्याला पुढे देवीपाशी बसवू लागला. उखाने हात हळूच सोडवून घेतला. त्याने कानबाईला नमस्कार केला आणि मागे, दाराजवळ, जिथे बसला होता तिथेच परत जाऊन बसला. सुंदराने गाणं उचललं. बाकीच्या बायका मागाहून तिच्या सुरात मिसळल्या.

घरी जाताना वडील रिक्षात बसले नाहीत. बमरोलीहून डिंडोलीपर्यंत ते गुडघे सांभाळत पायी चालले आणि सोनाली त्यांच्या दोन पावलं मागे. रेल्वेच्या पुलावर ते दम खायला थांबले. 'चाल' म्हटल्यापासून तिच्याशी ते तिथे पहिल्यांदा बोलले.

"उखानी मन्हाकडे दखंच नही," ते म्हणाले. "नऊ वरीस एका डबामा जेवनूत आम्ही."

सोनाली त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. दम बसला तसे ते चालू लागले.

हळूहळू घरातलं बोलणं सुरळीत झालं. ऑफिसही चाललं. एखादा फोटो विकत घेण्याआधी सोनाली आता सगळी पानं वाचते, आणि नवं गिऱ्हाईक आलं तर फाइल दाखवत नाही. बमरोलीत उखाला आता कोणी दारुड्या म्हणत नाही. तो कागद त्याला दोन-तीनदाच काढून दाखवावा लागला, असं मावशीने सांगितलं.

पुढच्या वर्षी श्रावणात आई पुन्हा गहू निवडायला बसली. सोनालीने शेजारी बसत मूठभर गहू आपल्या पुढ्यात ओढले आणि बऱ्याच वेळाने विचारलं, औंदा कानबाई कोणाकडे.

"लक्ष्मणकडेच," आई म्हणाली. "उखाले इचारं त्यास्नी. तो नको म्हने. देवी एकदाव हालनी, आते घडीघडी कसाले हालाडतस, म्हने."

सोनाली खाली मान घालून गव्हातले खडे वेचत राहिली.